सातव्या दिवशी आलेला निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही, दर पौर्णिमेला विहारात माझ्या शेजारी डोळे मिटून बसणाऱ्या बायकांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हेही उगीच कारण काढतेय मी?

माझं सासर कुरुंद्याचं, माहेर आखाडा बाळापूर. एसटीनं तासाभराची वाट. वीसेक वर्षांमागे आईचं शेवटचं सुरू होतं तेव्हा भावानं फोन केला. घरात एकच मोबाईल, तोही थोरल्या जाऊबाईंकडे. आमची हळद शिजत होती, कढईवर माणसं कमी होती. जाऊबाईंनी निरोप पोटात ठेवला आणि हळद वाळत पडली तेव्हा सांगितला. मी पोचले तोवर राख सावडून झाली होती. फोन कधी केला होता ते भावानं सांगितलं. जाऊबाईंना मी एका शब्दानं बोलले नाही. बोलले असते तर राग निवला असता — आणि मला तो निवू द्यायचा नव्हता.

पुढे मी विपश्यनेला लागले. संवेदना उठते, जाते, सगळं अनित्य आहे, नुसतं बघत राहायचं. मी बघत राहिले. गुडघ्याची कळ गेली, हा राग तेवढा गेला नाही.

मागच्या वर्षी कनेरगाव नाक्याजवळ एका मंगल कार्यालयात दहा दिवसांचं शिबिर लागलं. मी धम्मसेविका — बायकांचं जेवण बघायचं, घंटा वाजवायची, शिबिराचा मोबाईल सांभाळायचा. जाऊबाई पहिल्यांदाच बसल्या होत्या. त्यांना मीच आणलं होतं, पण तेव्हा मनात काही नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी त्यांच्या भाच्याचा फोन आला, नांदेडच्या दवाखान्यातून. "आत्याला पाठवा जी. बाबा सारखं तिचंच नाव घेऊन राहिले." शिबिरात मौन असतं, पण असा निरोप आला की लगेच आचार्यांच्या कानावर घालायचा, ते त्या माणसाला घरी सोडतात. मला हे चांगलं माहीत होतं. मी त्याला म्हणाले, "शिबिर सुटल्याशिवाय निरोप देता येत नाही. नियमच आहे."

मग तासभर न हलता बसायची बैठक होती. जाऊबाई माझ्या उजव्या हाताला — पाठ ताठ, चेहरा अगदी शांत. तो चेहरा बघितला आणि माझ्या अंगात काय उतरलं, सांगू? सुख. टाळूपासून पायांच्या बोटांपर्यंत. इतकी चांगली बैठक माझी आजवर झाली नव्हती. हेही अनित्य आहे, असं अशा वेळी मनाला सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. बसा, बाई, बसा अशाच — एवढंच मनात म्हणत होते.

नवव्या दिवशी भाच्याचा परत फोन आला. "बाबा गेले. मातीला तरी पाठवा." मी बरं म्हणाले आणि घंटा वाजवायला गेले.

दहाव्या दिवशी सगळ्यांचं भलं चिंतायची मंगल मैत्री झाली, मौन सुटलं. जाऊबाई थेट माझ्याकडे आल्या, माझे दोन्ही हात धरले. "सुनंदा, तुझ्या आईच्या टायमाला निरोप मीच दाबून ठेवला व्हता. इथं बसल्यापासून तेच समोर येऊन राहिलं. माफ कर मला."

"ते मी कधीच विसरले, बाई," मी म्हणाले. मग त्यांच्या भावाचं सांगितलं.

त्या आहे तिथंच खाली बसल्या. मग विचारलं, "फोन कवा आल्ता?"

"सातव्या दिवशी. पण नियमच तसा आहे."

"नियमच असंल तर तू तरी काय करशील," त्या म्हणाल्या आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

भाचा आता शिबिराला शिव्या घालतो आणि जाऊबाई त्याला समजावतात. मी रोज सकाळी पंचशील म्हणते, खोटं न बोलण्याचं शीलही म्हणते, आवाज कापत नाही. पस्तावा? त्यांच्या भावासाठी आहे — त्या माणसानं माझं काय वाकडं केलं होतं? जाऊबाईंसाठी मात्र रोज आत बघते, अजून सापडत नाही.

जाऊबाईंना वाचता येतं. हे लिहिलेलं त्यांच्या हाती पडलं तर पडो.