एका हाकेला ओ

जोयड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातली पोरगी बंगळूरला आठ दिवस फिरून आली आणि भेटेल त्याला तिथल्या मेट्रोचं, सरकत्या जिन्यांचं कौतुक सांगत सुटली. रानात एकदाच आलेल्या हाकेला ओ देऊ नये, ती माणसाची नसते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"पण तितं गर्दीत कुणीतर माझं नाव घेतलं, काका. मी लगेच ओ दिली," ती हसत म्हणाली. "वळून बघितलं तर वळखीचं कोण न्हाई."

तेव्हापासून मशीनवर कागद लावता लावता ती मधेच थांबते आणि "व्हय, आले" म्हणते.

काल ती तशीच थांबली, ऐकत राहिली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आज तुमाला बोलावत्यात."

मी तोंड घट्ट मिटून घेतलं.