मामांचं जगजाहीर हृदय

आमच्या मामांचं हृदय ही त्यांच्या सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या मालकीची गोष्ट होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आलं, की मामा सुरू. कुठली नस तुंबली होती, स्टेंट कसा बसवला, शुद्धीवर आल्यावर ते नर्सला काय म्हणाले. गालावर वस्तरा असताना विरोध कोण करणार? मी सख्खा भाचा, मला तर दर महिन्याला हे ऐकावं लागे, आणि दर महिन्याला तुंबलेल्या नसांत एकीची भर पडे.

मामी सलूनच्या मागच्या खोलीत असायची, मध्ये फक्त पडदा. तिला एकच धास्ती होती. पुन्हा झटका आला तर हॉस्पिटलच्या बिलापायी दुकान जाईल आणि मागचं घरही. म्हणून तिनेच विमा एजंटला बोलावलं. तो दाढी करून घेता घेता म्हणाला, "स्टेंटचं लिहूच नका. कोण बघतंय?"

मामांचा वस्तरा थांबला. "अख्ख्या गल्लीला माझं हृदय तोंडपाठ आहे. एकट्या कंपनीपासून कसं लपवू?"

"अहो, एकदा तरी तोंडाला कुलूप घाला," पडद्याआडून मामी म्हणाली. "कंपनीवाले नाही म्हणाले तर?"

"आणि खोटं उघडं पडून ऐन वेळी हात वर केले तर?"

कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मामी समोर बसून डोळे वटारत होती. मामांनी पहिल्या नसेपासून सुरुवात केली. शेवटी डॉक्टरच काकुळतीला येऊन म्हणाले, "पुरे, समजलं सगळं."

पॉलिसी मिळाली. हप्ता चढा, आणि अट अशी की पहिली तीन वर्षं हृदयाच्या दुखण्याचा खर्च मिळणार नाही. मामीने फर्मान काढलं, "तीन वर्षं छातीत कळ आणायची नाही. सांगून ठेवते!"

मिठाची बरणी कपाटात गेली. सकाळी फिरायला मामी स्वतः सोबत, तीही दोन पावलं मागे, म्हणजे मामांना पळवाट नको. दुपारी मामा आडवे झाले की ती उशाशी बसून त्यांची छाती वरखाली होताना बघत राही. "मामी, घोरण्यावर पहारा देतेस का गं?" मी चिडवायचो. एरवी हसरी बाई, पण यावर कधी हसली नाही.

तीन वर्षं सरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मी केस कापायला गेलो. मामांनी कापड बांधलं, कात्री चालवायला लागले, पण तोंडातून चकार शब्द नाही. रेडिओही बंद.

"मामा, बरं वाटत नाहीये का?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पडदा थोडासा सरकवला. आत मामी गाढ झोपली होती, चक्क घोरत होती.

"तीन वर्षांत दुपारी पहिल्यांदा पाठ टेकली तिने," मामा कुजबुजले. त्यांचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं. मामांनी त्याला हातानेच उद्या यायला सांगितलं.