पाठ केलेली रेष

आमच्या घरी पत्रकं निघायची. वडील संघटनेचं काम करायचे आणि शुद्धलेखन तपासायला कागद माझ्यापुढे टाकायचे. फसवणूक, लबाडी, धिक्कार हे शब्द मी पहिलीच्या पुस्तकाआधी शिकलो. म्हणूनच लातूरच्या त्या रोबोट स्पर्धेची किळस अजून जात नाही.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे आम्ही दोघे, मी आणि लोहा गावची माझी वर्गमैत्रीण. रोबोटनं काळ्या रेषेवरून औषधाचा डबा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचा, एवढंच काम. तिनं चार महिने खपून रेष पाहणारा सेन्सर बसवला होता. आमची रोबोट-गाडी वळणावर थबकायची, चुकली तर स्वतःच रेषेवर परत यायची. पण हळू.

"हळू म्हंजे हरलात," आमचे प्रोजेक्टचे सर म्हणाले. स्पर्धेत अंथरायचं होतं त्याच मापाचं, रेष छापलेलं फ्लेक्स त्यांनी ओळखीतून आधीच मिळवलं होतं. "मोजा अन् गाडीला पाठ करून टाका. इतके सेकंद सरळ, मग डावीकडं. पेपर फुटल्यावर अभ्यास कोण करतंय?" आणि हसले.

"सर, मग आंधळी गाडी हाय ती," ती म्हणाली. "बॅटरी जराशी उतरली की वळण चुकलं."

"म्हणून दर फेरीला भरलेली बॅटरी. डोकं लाव की, बाई!"

सेन्सर मात्र काढायचा नाही, असं ठरलं. पंचांना दिसायला हवा. त्याचे लाल दिवे लागू द्यायचे, फक्त माहिती नेणारी तार सोडवायची. ती तार मी सोडवली. तिनं हात लावला नाही.

लातूरला आमची गाडी सुसाट गेली. औशाच्या पोरांची रेषेवरून घसरली, अडखळत पुन्हा रेषेवर आली, आणि ती पोरं आनंदानं ओरडली. आमच्याकडं कुणी ओरडलं नाही. पंच गाडीपाशी वाकले.

"रेष कशी ओळखते ही?"

सर माझ्याकडे बघत होते. ती फरशीकडे.

"सेन्सरनं, सर," मी म्हणालो आणि पाठ केलेलं पुढचं इंग्रजीही घडाघडा म्हणून दाखवलं. पंचांनी खूश होऊन लिहून घेतलं.

पहिला नंबर आला. फोटोत सरांचा हात माझ्या खांद्यावर आहे. त्या हाताची शिसारी येते, आणि खांद्याचीही.

परतीच्या एसटीनं अहमदपूर सोडलं. तशी ती आमची रोबोट-गाडी मांडीवर घेऊन स्क्रू काढू लागली.

"काय करून राहिलीस?"

"माझा सेन्सर काढून राहिले. तुमच्या गाडीला न्हाई लागत तो."

"सरांनीच सांगितलं ना..."

"सर कसे हाईत ते मला ठावं होतं. तुझ्या घरी पत्रकं छापतेत म्हणं? ह्याच्यावर बी एक छाप की."

लोह्याला ती उतरली. सेन्सर रुमालात गुंडाळून नेला, आपलं प्रमाणपत्र सीटवर तसंच ठेवलं.

कंडक्टरनं ते उचललं. "कुणाचा कागद हाय हा?"

"माझाच," मी म्हणालो. दिवसातलं हे दुसरं खोटं. ते पाठही करावं लागलं नाही.