दैवशालामावशींचं दही

दैवशालामावशींना बास्केटबॉलमधलं एवढंच कळायचं, की बॉल जाळीतून खाली पडला तर आपला फायदा, आणि आपल्या पोरांचा तो सहसा पडत नाही.

बियाण्यांचे व्यापारी मुकुंदशेठ यांना हौस आली आणि त्यांनी व्यावसायिक लीगमध्ये ‘जालना जिगर’ नावाचा संघ उतरवला. पंजाब-केरळातून उंच पोरं पगारावर आणली, नवीन जालन्यात एक बंगला भाड्याने घेतला आणि स्वयंपाक मावशींकडे दिला. बारा पोरं, एकेक जण दहा पोळ्या सहज उडवायचा. मावशींना कोण आनंद! त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच अंबडकडच्या गावी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून नवरा गेला. वायर उघडी होती हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी सासूने चार बायकांत सांगितलं, सून पांढऱ्या पायाची आहे. त्यानंतर मावशींना कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही की कोणाची ओटी भरू दिली नाही. पुढे सासूही गेली. तो शब्द मात्र तीस वर्षं मावशींच्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून पहिल्या सामन्याला निघताना अपूर्व या जालन्याच्याच खेळाडूने हात पुढे करून “मावशी, दही-साखर द्या ना,” म्हटलं, तेव्हा त्या घुटमळल्या. मग हळूच बाराही तळहातांवर चमचा-चमचा दही ठेवलं. त्या दिवशी त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

संघ हरला. दुसरा सामनाही हरला. अकरा सामने झाले, अकराही हरले. खेळात काय चुकतंय ते मॅनेजर कल्याणला तेवढ्या दिवसांत उमगलं नाही, पण दही कोण देतं हे मात्र बरोबर त्याच्या ध्यानात आलं.

“मावशी, राग नका मानू,” तो दारातूनच म्हणाला. “उद्या दही तुमी नका देऊ. शेठच्या घरून वहिनीसाहेब येऊन राह्यल्या. सवाष्णीच्या हातचं बरं असतंय.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठच्या पत्नी अरुंधतीवहिनी चांदीची वाटी घेऊन आल्या. अपूर्व मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत होता. मावशी परातीवर वाकल्या आणि मळलेली कणीक पुन्हा मळू लागल्या.

पोरं गेली तशी त्यांनी फोनवर सामना लावला. ‘देवा, पोरांना यश दे,’ हे रोजचं वाक्य आज काही केल्या तोंडातून निघेना. आज जिंकले, तर सासू खरी ठरणार होती. आणि नेमकी पहिल्याच क्वार्टरला जिगरला सहा गुणांची आघाडी! मावशींनी फोन पालथा घातला, पुन्हा सरळ केला. मग समोरच्या संघाने सपाटा लावला.

“टाक रे बाबा, टाक,” मावशी म्हणू लागल्या. कोणाला? समोरच्या पोरांना! लाज वाटत होती, पण थांबवेना.

जिगर अडतीस गुणांनी हरली. अख्ख्या मोसमातली सगळ्यात मोठी हार. मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून त्यांनी उठून एक पोळी भाजली आणि गरमच गूळ लावून खाल्ली.

पोरं आली, जेवायला बसली. मागोमाग अरुंधतीवहिनी वाटी न्यायला आत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

“मावशी, कल्याण म्हणत होता, पुढच्या वेळी नणंदबाईंना बोलवू. शेठ गाडीत एक शब्द बोलले नाहीत.” त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. “माझ्या हाताला काही आहे का हो?”

हा प्रश्न मावशींनीही एकदा विचारला होता, विहिरीजवळ, जमलेल्या सगळ्या बायकांना. उत्तर कोणी दिलं नव्हतं. त्यांनी वहिनींचे दोन्ही हात आपल्या पिठाच्या हातांत घट्ट धरले.

“काही न्हाई वहिनी, हाताला काही न्हाई,” मावशी बारा पोरांदेखत मोठ्याने म्हणाल्या. “ह्या पोरायलाच खेळता येत न्हाई.”