वहिनींनी काढून ठेवलेला भरडा

मंडळी, आज तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात आमच्या सगुणा कालवडीला दुसरा नंबर मिळाला, आणि मला तेव्हापासून लाज वाटतेय.

बाकीच्या कालवडी हिच्यापेक्षा चांगल्या जाडजूड होत्या. पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी हिला चालवलं, खुरं दाबून पाहिली आणि म्हणाले, "प्रदर्शनासाठी भरडा कोंबला नाही, हे छान केलं. त्यानं खुरं दुखतात, कासेत चरबी बसते आणि पुढं दूध घटतं."

पण अंगावर चकाकी यावी म्हणून महिनाभर रोज पाटीभर मक्याचा भरडा मीच घालत होतो.

परतताना टेम्पोत वहिनींना विचारलं, एवढा भरडा घालूनही हिची खुरं चांगली कशी राहिली? त्या हसल्या. "भावजी, तुमी कामावर गेलात की मी निम्मा भरडा काढून ठेवायची अन् कडबा टाकायची. प्रदर्शन एका दिवसाचं हाय. हिला पुढं लई येळा व्यायचंय."

सोबतच्या फोटोत सगुणाचं दावं धरून मी मिरवतोय. मागे कडब्याची पेंढी घेऊन अर्ध्याच दिसतात, त्या आमच्या वहिनी. दावं त्यांच्या हातात हवं होतं.

तुमच्याही फोटोत मागे कुणी अर्धंच दिसतंय का, बघा बरं.