चपटा कृमी आणि खडेमीठ

साताऱ्याहून वर्षातून एकदा प्राणिशास्त्राची मुलं घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा आणि ओहोटीला खडकांवर फिरायचं, ही आमच्या कॉलेजची सहल. शिकवायला मी आणि सोबत प्रयोगशाळेतले मामा. मामा कोरेगावकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडे शिपाई म्हणून लागलेले, बरण्यांतले नमुने रोज हाताळणारे.

तीन वर्षांपूर्वी खडकातल्या एका डबक्यात मला बोटभर लांबीचा जीव दिसला. मखमली काळा, कडेला नारिंगी रेघ. मी ओरडलेच. शंख नसलेली समुद्री गोगलगाय, आणि अशी मी कधी पाहिली नव्हती! माझी पीएचडीच गोगलगायींवर. तिथं माझं म्हणणं कोण खोडणार?

गोगलगायीला आधी गुंगी द्यायची, मग ती टिकावी म्हणून फॉर्मलीनमध्ये ठेवायची. उसाला घालतात ते मॅग्नेशियम सल्फेट मी ताटलीत कालवायला घेतलं. मामा गुडघ्यावर बसून डबक्यात बघत होते.

"आवं मॅडम, थांबा. ही गोगलगाय न्हाई."

"मग काय आहे?" माझा आवाज चढला.

"गोगलगाईच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा असतोय. हिला कुठं हाय? आन् म्होरं दिसत्यात ती शिंगं न्हाईत, कडंचीच घडी हाय. लय पातळ हाय. चपटा कृमी हाय ह्यो."

मुलांसमोर हे ऐकून मला रागच आला. तरी भिंग लावलं. तुरा नव्हता. गोगलगाय माशांना बेचव लागते, म्हणून काही कृमी तिचं सोंग घेतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. आणि मीच फसले होते. कान गरम झाले माझे.

त्याहून भीती वाटली ती वेगळीच. हा जीव जरा जास्त हाताळला, की त्याच्या चिंध्या होतात. माझ्या द्रावणात तर तो टिकलाच नसता, आणि आमच्याकडे हा एकच होता. फॉर्मलीन गोठवून, कागदावर घेतलेला कृमी त्यावर अलगद ठेवायचा, हा उपाय मी वाचलेला होता. पण खडकावर फ्रीज कुठून आणणार?

"बर्फ जेटीवर मिळंल, खडेमीठबी," मामा म्हणाले. "पॉटातलं आइस्क्रीम करतोय तसंच की!"

ते जाऊन आले. बादलीत बर्फाचे आणि मिठाचे थर, मधे घट्ट झाकणाचा फॉर्मलीनचा डबा, आणि मामा तो दोन्ही हातांनी गरागरा फिरवत बसले. दुसऱ्या ताटलीत समुद्राच्या पाण्यात काढून ठेवलेल्या कृमीची कड एका जागी विरायला लागली होती. मी नुसती घड्याळ बघत होते. मामांची बोटं गारठून लाल झाली, तरी डबा थांबला नाही. झाकण उघडलं तेव्हा आत पांढरी घट्ट वडी झाली होती. मामांनी कागद कृमीखाली सरकवला आणि कृमीसकट तो अलगद वडीवर ठेवला. कडेची प्रत्येक लाट जिथल्या तिथं राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही. इतकी नजर आणि इतका धीर माझ्याकडे नाही, हे मला तिथंच कळलं.

नमुना तज्ज्ञांकडे गेला. चपटा कृमीच आहे, या किनाऱ्यावरचा असा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता, असं उत्तर आलं. खाली विचारलं होतं, ओळख कुणी केली? मी माझं नाव टाइप केलं. थोडा वेळ त्याकडे बघत बसले, मग पुसलं आणि मामांचं लिहिलं.

नमुन्याच्या बरणीत घालायच्या माहितीच्या चिठ्ठ्या नेहमी मामाच पेन्सिलीनं लिहायचे. नमुना परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "'ओळखणारा' लिहिता, त्याच्या पुढं तुमचं नाव घाला."

"शिपायाचं नाव? बरणीत?"

"ओळखलं कुणी?"

त्यांनी पेन्सिलीला दोनदा टोक केलं. सावकाश, एकेक अक्षर काढून नाव लिहिलं.

"पुढल्या साली मी रिटायर हुतोय," चिठ्ठीकडे बघत ते म्हणाले. "ही बरणी हितंच ऱ्हाईल न्हवं?"

"राहील," मी म्हटलं. चिठ्ठी बरणीत सोडून झाकण घट्ट लावलं.