माझं दूध पुसाया लावलं

"ए, उठ. तू हाउसकीपिंग की है ना? ये रूम तुम लोगों के लिए नहीं है."

दार उघडून ऑफिसची मॅडम उभी. मागं अजून दोघी, गळ्यात कंपनीच्या निळ्या पट्टीचं कार्ड. माझ्या गळ्यात पिवळी पट्टी, ठेकेदाराची. मी खुर्चीवर, युनिफॉर्मची बटनं उघडी, हातात स्टीलची वाटी. छाती दगडावानी झाली होती. लेकरू तान्हं, अंबरपेठला घरी सासूपाशी, आनि दूध काय ड्युटी बघून येत नाही. खोलीच्या दारावर आई-लेकराचं चित्र होतं. मला वाटलं, मी पन आईच.

"मॅडम, दोन मिन्ट," मी मराठीत म्हनले.

मॅडम पुन्याची. फोनवर आपल्या आईसंग बोलायची तवा मी उगाच तिथलंच टेबल परत पुसायची. एवढ्या मोठ्या काचेच्या बिल्डिंगीत दिवसभर तेलुगू, हिंदी, इंग्लिश. माझी भाषा बोलनारी एकच बाई. मनात तिला मी बहीन करून ठेवली होती, तिला ठाऊक बी नव्हतं.

ती हसली. "काय ही मराठी!" मग म्हनली, "आधी ती खुर्ची पूस. स्प्रे मारून."

पुसली मी. बटनं लावायच्या आधी पुसली. दूध फरशीवर टपकलं, ते पन पुसलं. तिघी बघत उभ्या.

त्याच दिवशी आमच्या सगळ्या बायांना हॉलमधी बोलावलं. दर शुक्रवारी बोलावतात. अंगठा वर करायचा, हसायचं, फोटो काढतात, तो लिफ्टपाशी मोठ्या टीव्हीवर लागतो. आमी खूश आहोत म्हनून. त्या दिवशी मॅडमनं माइक घेतला.

"आप लोग टिकते क्यों नहीं? बस मिलती है, खाना मिलता है. फिर भी छोड़ के चले जाते हो. कमी क्या है?"

 आमचा सुपरवायझर ओरडला, "अंगूठा उठाव अम्मा, सबके सब! फोटो होरा!"

सगळ्यांचे अंगठे वर. माझा हात उठलाच नाही. धाडस केलं असं नका समजू. 

"तेरेकू अलग से बोलना क्या, महारानी?" सुपरवायझर माझ्याकडं बघून म्हनला.

बाया हसल्या. मी मॅडमकडं बघितलं आनि मराठीतच म्हनले, "तुमी इचारलं ना कामून जातात. सकाळी तुमी मला माझंच दूध पुसाया लावलं. म्हनून जातात."

"नंतर बोलू," मॅडम म्हनली. खाली बघून. फोटो निघाला. त्यात मी आहे, हात खाली.

बसमधी माझ्या बाजूला कोनी बसलं नाही. जिच्यासंग रोज डबा खायची तीच पुढं जाऊन बसली. उतरताना एवढंच म्हनली, "तू तो गई अब." घरी सांगितलं नाही. सासू म्हनली असती, सोड. लेकराला पाजलं, भिंतीकडं तोंड करून पडले.

पडल्या पडल्या कळलं. इथं कोनाला काढत नाहीत. नकोसं करतात. मग बाई आपल्या पायानं जाते, आनि हे माइक घेऊन इचारतात, टिकत कामून नाही.

मी नाही जानार. भीती वाटते, लई वाटते, पन आपल्या पायानं नाही जानार. काढायचं तर काढा. सगळ्यांसमोर, कामून काढलं ते बोलून काढा. तोवर दूध आलं की मी त्या खोलीत जानार, आनि आतून कडी लावनार.